कोटेशनमध्ये नसलेला शाफ्ट

जुन्या जीपला पाच गिअरचा डबा बसवून घ्यायला येणारा माणूस बहुतेक सगळी चौकशी करून आलेला असतो. भंगारात गेलेल्या आर्मडाचा डबा कितीला मिळतो, त्याचं बेल हाऊसिंग आपल्या इंजिनाला बसतं का, गिअरचा दांडा सीटच्या आड येतो का, हे त्याला पाठ असतं. डबा, क्लचप्लेट, ऑइल, मजुरी असा हिशेब तो स्वतःच कागदावर मांडून आणतो. त्या कागदावर शाफ्ट नसतो. ‘शाफ्टचं काय करायचं?’ असं मी विचारलं की तो जरा संशयानं बघतो. शाफ्ट तर गाडीला आहेच, मिस्त्री उगाच खर्च वाढवतोय, असं त्याच्या तोंडावर दिसतं.

कोल्हापुरात जीपच्या कामात माझी निम्म्याहून जास्त हयात गेली. उद्यमनगरात पाने पुसणारा पोरगा म्हणून शिरलो, पुढं स्वतःची शेड टाकली. या धंद्यात नाव होतं ते इंजिनवाल्याचं. ‘इंजिन त्यांनी बांधलंय’ असं लोक कौतुकानं सांगतात. ‘शाफ्ट त्यांनी बसवलाय’ असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण माझ्याकडं आलेल्या अवघड गाड्यांची यादी केली तर त्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा निघते : डबा बदलल्यापासून मागून आवाज येतो. अशी गाडी दुसरीकडून काम करून आलेली असते, मालक चिडलेला असतो, खिसा रिकामा झालेला असतो, आणि शेवटी ज्याचा हात लागेल त्याच्याच डोक्यावर खापर फुटणार हे ठरलेलं असतं. तरी मला ही कामं आवडतात. इंजिनाच्या कामात पुस्तक बघून पुढं जाता येतं. इथं कान, पट्टी आणि चिकाटी, तिन्ही लागतात.

आधी काय सरकतं ते सांगतो. जीपचा ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सच्या शेपटीलाच बोल्टनं आवळलेला असतो. इंजिन आपली जागा सोडत नाही, त्यामुळं नवा डबा जितका लांब तितका ट्रान्सफर मागं जातो. मागचा शाफ्ट तेवढा आखूड लागतो आणि पुढचा तेवढा लांब. यातलं पहिलं अर्धं सगळ्यांना कळतं, कारण जुना मागचा शाफ्ट बसतच नाही. पुढचा मात्र ओढून बसतो. त्याच्या स्लिप जॉइंटमध्ये ओढायला जागा असते, मिस्त्री तो ओढतो, बोल्ट लावतो आणि विसरतो. मग पावसाळ्यात आंबा घाटाच्या अलीकडं कुठंतरी चिखलात गाडी अडकते, मालक पुढचा गिअर टाकतो, पुढचं चाक खड्ड्यात लोंबकळतं आणि बोटाच्या पेराएवढ्या स्प्लाइनवर टिकलेला शाफ्ट सुटून जमिनीवर आपटतो.

८० इंच व्हीलबेसच्या जुन्या सीजे गाडीत मागचा शाफ्ट मुळात हातभर. त्यातून दोन-तीन इंच गेले तर फक्त लांबी कमी होत नाही. ट्रान्सफर उंचावर, मागच्या हौसिंगमधला पिनियन खाली, आणि मधलं अंतर घटलेलं, म्हणजे शाफ्टचा उतार वाढला. लांबलचक गाडीत हे तीन इंच पचून जातात. छोट्या जीपला ते जड जातात.

एका ऊस बागायतदाराची जीप अशीच आली होती. एकटा माणूस सपाट रस्त्यानं निघाला तर गाडी ठीक. मागं चार माणसं बसली किंवा गतिरोधक आला की खालून ‘ठक्’ असा दणका, आणि नंतर मैलभर घुरघुर. पिनियनच्या सीलमधून तेल झिरपत होतं. आधीच्या गॅरेजवाल्यानं क्राउन-पिनियन गेला असं सांगून नव्या सेटचा भाव काढून दिला होता. मी हौसिंग उघडायच्या आधी शाफ्ट उतरवला आणि स्लिप जॉइंट ओढून वेगळा केला. ग्रीस पुसल्यावर आत तळाशी एक चकचकीत कडी दिसली. पुरुष स्प्लाइनच्या टोकालाही तशीच. दोन्ही पोलादं एकमेकांवर आपटून आपटून पॉलिश झाली होती. शाफ्ट दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब होता.

हे होतं ते माप घेताना. गाडी घोड्यांवर चढवलेली असते, मागचं हौसिंग पाट्यांना लोंबकळत असतं, आणि त्या अवस्थेत मिस्त्री टेप लावतो. अशा आखूड, तिरप्या शाफ्टला हौसिंग लोंबकळताना ट्रान्सफर आणि पिनियन यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त असतं. त्या मापाचा शाफ्ट केला की गाडी चाकांवर उतरल्यावर स्लिप जवळजवळ संपलेली असते. माणसं बसली, पाटे दबले, की शाफ्टला आत जायला जागा उरत नाही. मग तो एका टोकाला ट्रान्सफरचं बेअरिंग ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला पिनियन. पिनियन ज्या बेअरिंगांवर बसलेला असतो ती आडवा आणि उभा भार सोसायला केलेली असतात, पण हातोड्यासारखा सततचा मार सोसायला नाही. त्या बागायतदाराचा क्राउन-पिनियन शाबूत होता. शाफ्ट कापला, सील आणि पिनियनचं बाहेरचं बेअरिंग बदललं. तो खर्च सेटच्या भावापेक्षा इतका कमी झाला की मालकाला तो खरा वाटेना. ‘मिस्त्री, नक्की झालं का?’ असं त्यानं जाताना दोनदा विचारलं.

आमच्या शेडमध्ये माप घ्यायची रीत साधी आहे. गाडी चारी चाकांवर, सपाट कोब्यावर. टाकीत डिझेल अर्धं तरी हवं. मागं वाळूची दोन पोती, मालक जशी गाडी वापरतो त्या बेतानं. ज्याची जीप रोज दुधाचे कॅन वाहते आणि ज्याची फक्त रविवारी किल्ल्याखाली जाते, त्यांचे पाटे सारखे बसत नाहीत. मग एका फ्लँजच्या तोंडापासून दुसऱ्या फ्लँजच्या तोंडापर्यंत माप. हे झालं उभं माप. त्यानंतर हौसिंग लोंबकळवून पुन्हा माप, आणि बंप रबर टेकेपर्यंत पाटे दाबून तिसरं. तिन्ही आकडे शाफ्टवरच खडूनं लिहितो. चाकांवर उभ्या गाडीत स्लिप आत जायला पाऊण ते एक इंच शिल्लक राहील, आणि पूर्ण लोंबकळल्यावरही स्प्लाइन एकमेकांत भरपूर गुंतलेली असेल, असा शाफ्ट केला की निम्मी भांडणं तिथंच मिटतात. खात्री करायला बाहेर दिसणाऱ्या स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ लेप देतो आणि गाडी जवळच्या कच्च्या रस्त्यावर फिरवून आणतो. ग्रीस कुठपर्यंत पुसलं गेलं ते बघितलं की शाफ्ट किती आत-बाहेर झाला ते कळतं.

शाफ्ट कापणं-जोडणं लेथवाल्याचं काम. उद्यमनगरात असे टर्नर आहेत की त्यांच्या हातचा सांधा शोधून सापडत नाही. पण लेथवाल्यासमोर येतो तो फक्त नळा. गाडी त्यानं बघितलेली नसते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही तर तो नळा सरळ, वेल्ड सुरेख आणि योक एकमेकांशी पंधरा अंश फिरलेले, असा माल देतो. बघायला उत्तम, चालवायला ताप.

त्याचं कारण योकमध्ये बसणाऱ्या क्रॉसच्या स्वभावात आहे. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरला की पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढं धावते आणि दोनदा रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्हीकडं दीड टक्का, २० अंशांना सहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस. पहिल्यानं घातलेला घोळ त्यानं तंतोतंत उलटा करायचा. दोन्ही कोन सारखे असले आणि योक एका रेषेत असले तरच हे जमतं. नाहीतर घोळ मिटायच्या ऐवजी वाढतो, आणि तो सगळा पिनियनच्या दातांवर येतो. दात कधी पुढं दाबले जातात, कधी सुटतात, आणि गाडीत बसलेल्याला डिफरन्शियल ओरडल्यासारखं वाटतं.

या जोडाचं तत्त्व फार जुनं. त्याला नाव मिळालं ते सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं. मोटारीसाठी त्याचं पेटंट क्लॅरेन्स स्पायसरनं १९०३ साली घेतलं तेव्हा तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता, आणि तेव्हाच्या कितीतरी मोटारींची चाकं साखळीनं फिरत होती. साखळीचं बरं असतं, सैल झाली की ताणून घ्यायची. शाफ्टला अशी सवलत नाही.

योक फिरायला दर वेळी लेथवालाच लागतो असंही नाही. सर्व्हिसिंग करणारा पोरगा शाफ्ट उतरवतो, स्लिप जॉइंट ओढून वेगळा करतो, ग्रीस भरतो आणि एक दात इकडं-तिकडं करून पुन्हा घालतो. कंपनीनं जुळवायला बाणाच्या खुणा केलेल्या असतात, पण त्यांच्यावर वर्षांचा चिखल आणि रंग. आता मी नव्या शाफ्टला दोन्ही बाजूंना छिन्नीनं खोल खूण करतो. पंचची टिकली करायचो, ती गंजात बुजते.

लांब शाफ्टचं दुखणं वेगळं. प्रवासी वाहतुकीच्या एका गाडीचं मधलं बेअरिंग सारखं जायचं, म्हणून मालकानं कुणाच्या तरी सल्ल्यानं दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकच लांब नळा टाकला. पन्नासपर्यंत गाडी छान. सत्तरच्या पुढं पाय ठेवायच्या पत्र्यात मुंग्या यायला लागत आणि ऐंशीला आरसे दिसेनासे होत. नळ्याची लांबी दुप्पट केली तर तो ज्या फेऱ्यांना मधोमध धनुष्यासारखा वाकून थरथरायला लागतो त्या फेऱ्या चौथाईवर येतात. मधलं बेअरिंग हा खर्च वाचवायचा भाग नव्हेच, हे त्याला कागदावर आकडे मांडून दाखवलं. पटलं नाही. शेवटी बेअरिंगसकट शाफ्ट परत घालून गाडी त्यालाच चालवायला दिली.

कोन मोजायला माझ्या उस्तादांकडं ओळंबा आणि शाळेतला कोनमापक होता. कोनमापकाच्या मध्यावर छिद्र पाडून त्यातून दोरा ओवलेला, खाली शिशाचं वजन. ट्रान्सफरच्या फ्लँजवर टेकवायचा, आकडा बघायचा. शाफ्टवर, मग पिनियनच्या फ्लँजवर. आता पोरं मोबाइल चिकटवून अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सांगतात. मोबाइलला नावं ठेवायचं कारण नाही, मीही वापरतो. पण फ्लँजच्या तोंडावर रंग किंवा बर आहे का ते मोबाइल सांगत नाही, आणि त्यावर टेकवून घेतलेला दहावा भाग कामाचा नसतो.

साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला ट्रान्सफरचा आणि पिनियनचा आस एकमेकांशी समांतर हवा. डबा बदलताना मागचं क्रॉसमेंबर नवं करतात, ते अर्धा-पाऊण इंच वर-खाली होतं, आणि इथला कोन बिघडतो. त्यावर उपाय म्हणजे पाटे आणि हौसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर. पाचरीचा जाड भाग कुठल्या बाजूला हे चुकलं की बिघाड दुप्पट, आणि ती उलटी बसलेली मी जितक्यांदा बघितलीय तितक्यांदा सुलटी बघितली नसेल. पाचर घालून पिनियनचं नाक वर उचलायची काहींना इतकी हौस असते की हौसिंगमधलं तेल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचेनासं होतं. शाफ्टची थरथर जाते आणि सहा महिन्यांनी बेअरिंग निळं पडून येतं. उलट दोन्ही कोन अगदी शून्य करणारेही असतात. तेही बरं नाही. क्रॉसच्या कपातल्या सुया थोड्या तरी फिरायला हव्यात. एकाच जागी बसून राहिल्या तर त्या क्रॉसच्या दांड्यावर आपले चरे पाडतात.

या सगळ्यातून गेल्यावरही काही गाड्या ओरडतात. तेव्हा हौसिंगकडं जायचं, त्याआधी नाही.

पिनियनचं नट ही नाजूक जागा आहे. नव्या शाफ्टला जुनी फ्लँज जमत नाही म्हणून ती बदलायला पिनियनचं नट सोडतात आणि हवेच्या गननं परत दाबतात. जुन्या जीपच्या हौसिंगमध्ये बेअरिंगांचा ताण शिमांवर ठरलेला असतो, तिथं एक वेळ निभावतं. पण पुष्कळ पिकअप आणि कारमध्ये दोन बेअरिंगांच्या मधोमध दबणारी नळी असते. ती एकदा ठरावीक प्रमाणात चेपली की तोच बेअरिंगांचा ताण. गननं नट दोन घास जास्त गेलं तर नळी आणखी चेपते, बेअरिंगं आवळली जातात आणि तापतात. सैल राहिलं तर पिनियन पुढं-मागं हलतो, आणि गॅस सोडल्यावर मागून हुंकार येतो. अशी एक पिकअप माझ्याकडं आली तेव्हा मालकानं डब्याला दोष देऊन तो दोनदा उतरवून घेतला होता. डब्याला हात लावायची गरजच नव्हती. नवी नळी आणि नवं नट घालून, नट हातानं थोडं थोडं आवळत, दर खेपेला स्प्रिंगच्या काट्यानं पिनियन फिरवायला किती ओढ लागते ते बघत गेलो. वेळ गेला, पण आवाज गेला.

दातांचा ठसा घ्यायला मी अजून शेंदूर वापरतो. बाजारात पिवळी पेस्ट मिळते, तीही चांगली आहे. शेंदूर तेलात घट्टसर कालवायचा, ब्रशनं क्राउनच्या आठ-दहा दातांना दोन्ही अंगांनी लावायचा, मग एका पोराला चाक धरून अडवायला सांगायचं आणि पिनियन पान्यानं सावकाश फिरवायचा, पुढं आणि मागं. अडवल्याशिवाय ठसा खरा उठत नाही. जिथं दाताला दात घासला तिथला शेंदूर सरकतो आणि पोलाद उघडं पडतं. ठसा दाताच्या मधोमध, लंबगोल, कडेला न लागलेला दिसला की झाकण लावायचं. दाताच्या मुळाशी खोल दिसला तर पिनियन जास्त आत गेलेला. टोकाशी वरच दिसला तर बाहेर राहिलेला. क्राउनची मोकळीक डायलवर पाच ते दहा थाऊमध्ये. हाताला शेंदूर लागलेला बघून एकदा एका गिऱ्हाइकानं नारळ आणू का म्हणून विचारलं होतं. शेंदूर शिशाचा असतो, म्हणून पोरांना हात साबणानं धुतल्याशिवाय मी चहाला सोडत नाही.

काही आवाज हौसिंगमध्ये जन्मतात पण तक्रार होते ती दुसऱ्याच कारणानं. एका डोंगर भटकणाऱ्या गटाच्या जीपला डबा बसवताना मूळ रबराचं माउंटिंग जमेना म्हणून कुणीतरी लोखंडी पट्टी थेट चॅसीला आवळली होती. दात, बेअरिंग, कोन, लांबी, सगळं ठीक. मागचा किरकोळ गुणगुणाट शाफ्टवरून ट्रान्सफरमध्ये, तिथून पट्टीतून चॅसीत आणि पत्र्यात उतरत होता, आणि अख्खी जीप त्याचा भोंगा झाली होती. रबर घातलं. गुणगुणाट आजही आहे, फक्त तो खाली राहतो.

आता पेटीवाल्या बुवांची गोष्ट सांगायला हवी. बुवा भजनी मंडळात पेटी वाजवतात, कागल तालुक्यात शेती आहे, आणि त्यांची जीप जुनी, ८० इंची, मागं आठ-त्रेचाळीसचा क्राउन-पिनियन. पाच गिअरचा डबा माझ्याकडंच बसवला. शाफ्ट मापून केला, कोन मोजले. पहिल्या आठवड्यात बुवा परत. ‘मिस्त्री, तुमचा डबा गातोय. साठला काळी दोन लागते, जरा चढी.’

आधी मला ती थट्टा वाटली. पण बुवा गंभीर होते. तीसला तीच काळी दोन, खालच्या सप्तकातली. गिअर कुठलाही असो, सूर बदलत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, ‘बुवा, गिअर बदलून सूर बदलत नाही ना, मग डबा नव्हे.’ डब्यातले दात इंजिनाच्या फेऱ्यांवर गातात. रस्त्याच्या वेगावर गातो तो डब्यानंतरचा कुणीतरी.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ६.००-१६ चा टायर एका किलोमीटरला साडेचारशे फेऱ्यांच्या आसपास घेतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून चाक मिनिटाला साडेचारशे. क्राउनला ४३ दात. गुणाकार करून सेकंदावर आणला की सव्वातीनशेच्या जरा खाली येतो. काळी दोन सेकंदाला ३११ कंपनांची. बुवांचे कान ठोकताळ्यानं बोलत नव्हते. तो क्राउन-पिनियनच्या दातांचाच सूर होता. जुन्या जीपचा ट्रान्सफर बॉक्सही सरळ जोडणीनं चालत नाही, सदा दातांवरच फिरतो, म्हणून तोही रस्त्याच्या वेगाबरोबर गातो. पण त्याच्या गिअरचे दात पिनियनच्या आठांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं त्याचा सूर बराच वर लागतो. तोही बुवांना ऐकू येत होता, फक्त त्याची तक्रार नव्हती.

तरी खात्री हवी. मागचा शाफ्ट उतरवून ठेवला आणि फोर-व्हीलमध्ये टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर जीप फिरवली. हे करताना एक ध्यानात ठेवावं लागतं : या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफरच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक मागची चाकं अडवत नाही, आणि ट्रान्सफर फोर-व्हीलमधून निघाला की गाडी उतारावर बिनधास्त निघते. पोरानं चाकाला दगड लावला आणि मगच बुवा खाली उतरले. सूर गेला होता. शाफ्ट जोडला, सूर परत.

‘पण मग आधी कसा नव्हता?’ बुवांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की आधीही होता. साठच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला चोवीसशे फेऱ्या घेतो, डबा जुना असो की नवा. ते ठरतं टायर आणि क्राउन-पिनियनवर. जुन्या डब्यात चौथ्या गिअरला इंजिनही तेवढ्याच चोवीसशेवर बोंबलत असायचं. पाचव्यात ते दोन हजाराच्या आसपास आलं, गाडी गप्प झाली, आणि इतकी वर्षं इंजिनाच्या आड दडलेला दातांचा आवाज उघडा पडला. शिवाय पूर्वी ही जीप पासष्टच्या वर कधी गेलीच नव्हती. आता बुवा हायवेला ऐंशी पकडतात, शाफ्ट बत्तीसशेच्या आसपास फिरतो, आणि त्या वेगाला ते दात आयुष्यात पहिल्यांदाच जातायत.

हे समजावून सांगणं सोपं नसतं. गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्री अंग काढून घेतोय. ‘आवाज जुनाच आहे, तुम्हाला आत्ता ऐकू आला’ हे वाक्य खरं असलं तरी लबाडाच्या तोंडी शोभणारं आहे. त्यामुळं डबा उतरवायच्या आधी मी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारतो. सपाट, मोकळ्या रस्त्याला गाडी साठवर नेऊन न्यूट्रल करतो, इंजिन आळसावर येऊ देतो. मागचं जे काय आहे ते त्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतं, आणि ते मालकानं स्वतःच्या कानानं ऐकलेलं असतं. घाटात हा प्रयोग कधी करत नाही.

बुवांचं हौसिंग उघडलं. शेंदूर लावला. ठसा ठीक होता, पण पुढं जाताना घासणाऱ्या अंगाला दातांवर वर्षांची झीज, बारीक लाटा. आठ आणि त्रेचाळीस यांना सामाईक भाग नसल्यानं पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो, आणि ते एकमेकांना आपापल्या परीनं घासून घेतात. अशा जुळलेल्या जोडीतला एकच बदलायचा नसतो, आणि झिजलेली जोडी शिमा सरकवून गप्प करायला जावं तर ती बहुतेकदा जास्तच ओरडते. बेअरिंगं मऊ फिरत होती, खवले कुठं उडालेले नव्हते. तळाच्या तेलात करड्या रंगाचा लेप होता, तुकडे नव्हते.

मी दोन्ही हिशेब पुढं ठेवले. नवा सेट, नवी बेअरिंगं, जुळवणीची दोन दिवसांची मजुरी. नाहीतर जीएल-५ चं ताजं तेल आणि आहे तसं. डब्यात आणि हौसिंगमध्ये एकच तेल ओतायची गॅरेजांतून रीत आहे, ती मी पाळत नाही. हौसिंगच्या घसटत फिरणाऱ्या दातांना जी औषधं तेलात लागतात ती डब्यातल्या पितळी कड्यांना मानवतीलच असं नाही.

बुवांनी तेल निवडलं. पैशाचा प्रश्न होता, आणि आवाजाचं कारण कळल्यावर त्यांची भीतीही गेली होती. आता ते दर पावसाळ्याआधी येतात. मी पिनियनची फ्लँज हातानं वर-खाली आणि पुढं-मागं हलवून बघतो, क्रॉस तपासतो, तेलाचं झाकण काढून बोट घालतो. सूर काळी दोनवरून हलला तर कळवा, एवढंच सांगून ठेवलंय. टायर झिजले तेव्हा तो किंचित चढला होता. नवे घातल्यावर उतरला, हे त्यांनीच येऊन सांगितलं.